म्हाताऱ्या गळ्याचं रॉक ऐकायला लातूरहून निघताना

लातुरात माझं साऊंडचं दुकान आहे. गणपती, लग्नं, हरिनाम सप्ताह, सिद्धेश्वराची यात्रा, पुढाऱ्यांच्या सभा, मिळेल ते काम करतो. मुंबईत एखादा जुना रॉक-सोल गायक आला की मात्र दुकान पोराच्या हवाली करून मी निघतो. गल्लीतली पोरं मग मागं लागतात, "काका, पुढल्या टायमाला आम्हालाबी न्या की." न्यायला माझी ना नाही. पण दर वेळी रेल्वेत बसल्यावर तीच टेप वाजवण्यापेक्षा एकदा लिहूनच देतो.

पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. सत्तरीतल्या माणसाकडं त्याचा तिशीतला आवाज ऐकायला जाणार असाल तर जाऊच नका. तो आवाज रेकॉर्डवर आहे आणि घरी बाजेवर पडून ऐकता येतो. तिथं जायचं ते उरलेल्या आवाजावर हा माणूस दोन तास कसे काढतो ते ऐकायला. कुठं राखतो, कुठं उधळतो, कुणाच्या आधारानं वरच्या सुरापर्यंत जातो. हे एकदा कळायला लागलं की तरण्या गायकांच्या मैफली जरा अळणी लागतात. माझं तरी तसं झालंय.

कुणासाठी एवढा प्रवास करायचा

मुंबईत मोठी नावं येऊन जातात, आपल्याला लक्ष ठेवावं लागतं एवढंच. एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स हा इंग्लंडचा रॉक बँड ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेला, तेव्हा त्यांचा गायक मिक जॅगर साठीला टेकला होता. महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेचा ब्लूज गायक-गिटारवाला बडी गाय आला, वय ७४. जानेवारी २०२४ मध्ये इंग्लंडचा गायक स्टिंग महालक्ष्मी रेसकोर्सवर गायला, तेव्हा तो बहात्तर वर्षांचा होता. ब्रायन अ‍ॅडम्सचं तर आपल्याकडं येणं-जाणं चालूच असतं, डिसेंबर २०२४ मध्येही येऊन गेला.

यातून निवडायचं कसं? नाचून आणि आतषबाजी करून मैफल भरणारे एकीकडं काढा, गळ्यावर भरणारे दुसरीकडं. वय झालं की पहिल्यांचं गुडघ्यापाशी अडतं. दुसरे टिकतात, त्यातही सोल गाणारे जास्त. ते गाणं मुळात अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधलं. तिथलं गॉस्पेल, म्हणजे देवाची गाणी, रे चार्ल्स, सॅम कुक अशांनी १९५० च्या दशकात बाहेरच्या प्रेमाच्या गाण्यांत आणलं. पुढं मेम्फिसची स्टॅक्स आणि डेट्रॉइटची मोटाउन या रेकॉर्ड कंपन्यांनी ते जगभर पोचवलं. या गाण्यात नुसतं सुरात असून भागत नाही, जे म्हणतोय ते या माणसानं भोगलंय असं वाटावं लागतं. आणि तेवढी एक गोष्ट वयानं कमी होत नाही.

रॉड स्टुअर्टचंच बघा. १९४५ चा जन्म, लंडनचा गडी, सॅम कुक ऐकत वाढला. २००० साली थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, काही महिने घालवून पुन्हा गायला शिकावं लागलं. तोच माणूस जून २०२५ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, इंग्लंडातल्या ग्लॅस्टनबरीच्या मैदानात गायला. आवाज पहिल्यापासूनच खरखरीत, त्यामुळं वयानं आलेली खरखर त्यात खपून जाते. नितळ आवाजवाल्यांची तेवढी सोय नसते.

घरची तयारी

जुने रेकॉर्ड ऐकाच, पण निम्मा वेळ गेल्या सहा महिन्या-वर्षातल्या लाइव्ह व्हिडिओंना द्या. यूट्यूबवर लोकांनी मोबाईलवर घेतलेले तुकडे असतात. आवाज फाटका असतो, पण खरा असतो. गाण्यांचा क्रम सेटलिस्ट डॉट एफएम या साइटवर मिळतो. दौऱ्यावरचे गायक क्रम फारसा बदलत नाहीत, त्यामुळं मागच्या गावात काय गायलं ते बघितलं की आपल्या गावात काय येणार याचा अंदाज लागतो.

घरात पेटी असेल तर पट्टी तपासा. रेकॉर्डवर काळी पाचला असलेलं गाणं आता पांढरी सहाला नाही तर काळी चारला सापडेल, म्हणजे अर्धा किंवा एक स्वर खाली. पुष्कळ बँडमध्ये गिटारच्या सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवूनच ठेवतात, म्हणजे बोटं जुन्याच जागी पडतात आणि गाणाऱ्याचा गळा वाचतो. याला कुणी फसवणूक म्हणालं की मला राग येतो. वयानं स्वरतंतू ताठर होतात, फुप्फुसात पहिल्याइतका दम राहत नाही आणि वरचे सूर सगळ्यात आधी जातात. पट्टी उतरवून गाणारा शहाणा. न उतरवता ओरडणाऱ्याचा दौरा अर्ध्यात बंद पडतो.

एवढं करायला वेळ नसेल तर एकच व्हिडिओ बघा. डिसेंबर २०१५, वॉशिंग्टनचा केनेडी सेंटर सन्मान सोहळा, सोल गाणाऱ्या अरेथा फ्रँकलिन, वय ७३. लांब फरचा कोट घालून बाई येतात, हातातली पर्स पियानोवर ठेवतात आणि बसून स्वतःच वाजवत गायला लागतात. सुरुवातीचं सगळं मधल्या सुरात. वर बाल्कनीत ओबामा डोळे पुसताना दिसतात. मग बाई उठतात, पुढं येऊन उभ्यानं गातात आणि शेवटाकडं तो कोट खांद्यावरून सरळ खाली सोडून देतात. सगळं सभागृह उभं राहतं. त्या उठल्या कधी हे पुन्हा पुन्हा बघा. आधीची सगळी मिनिटं त्यांनी त्या शेवटासाठी राखलेली होती.

तिकीट

ऑनलाइनच निघतं. माझा मेव्हणा हिंजवडीला असतो, तो काढतो. त्याचं म्हणणं, "दाजी, बाराला विक्री सुरू होणार म्हणजे साडेअकरालाच लॉगिन करून बसायचं, आणि पैसे कुठून जाणार ते आधीच भरून ठेवायचं." बरोबर आहे त्याचं. गेटवर कोणी व्हॉट्सअ‍ॅपवरचा तिकिटाचा फोटो विकत असेल तर घेऊ नका. तो कोड एकदाच चालतो, पहिला आत गेला की तुमचा बाद. स्टेजला चिकटलेला पट्टा सगळ्यात महाग असतो, तोही घेऊ नका. का ते पुढं येतंय.

गाडी आणि रात्रीचे दहा

जाताना सोपं आहे. लातूर एक्स्प्रेस असो की नांदेड-परभणी-जालन्याकडून येणारी देवगिरी, रात्री बसलं की सकाळी मुंबई. मैफल डी. वाय. पाटील स्टेडियमला असेल तर सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, ठाण्याला उतरा आणि ट्रान्स-हार्बर लोकलनं नेरूळ गाठा. महालक्ष्मीला असेल तर दादरला उतरून पश्चिम रेल्वेची चर्चगेटकडं जाणारी धीमी लोकल धरा, तिसरं स्टेशन.

येताना घोळ आहे. उघड्या मैदानावरची मैफल रात्री दहाला संपते म्हणजे संपतेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस सणासुदीलाच पुरत नाहीत. (हा नियम मला तोंडपाठ आहे, कसा ते विचारू नका.) आणि आपल्या रात्रीच्या गाड्या मुंबईहून नऊ-साडेनऊच्या सुमारास सुटतात. म्हणजे शेवटची दोन गाणी सोडून पळायचं, नाही तर गाडी सोडायची. शेवटची दोन गाणी सोडायला मी लातूरहून येत नाही.

मग दोन वाटा. जालना-परभणी-नांदेडकडच्यांनी रात्री नातेवाइकाकडं पाठ टेकावी आणि पहाटेची तपोवन धरावी, दुपारकडं जनशताब्दी आणि वंदे भारतही आहेत. लातूर-धाराशिवकडच्यांना ट्रॅव्हल्स बरी पडते. तिचं शेवटी सांगतो.

डबा बांधून नेऊ नका. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी गेटवर बाहेर काढायला लावतात, पाण्याची बाटलीसुद्धा. लोकलमध्येच खाऊन घ्या. मोबाईल चार्ज ठेवा, तिकीट त्यातच आहे. पायात जुनी, मळलेली चप्पल नको, बंद बूट घाला. गर्दीत पाय तुडवले जातात.

उभं कुठं राहायचं

हा माझा धंदा आहे, म्हणून ठासून सांगतो. मैदानात शिरलात की स्टेज शोधू नका, मिक्सर शोधा. स्टेजच्या बरोबर समोर, साधारण तीस-चाळीस मीटरवर, एक मचाण असतं. वर ताडपत्री, आत दिव्यांची बटणं आणि काळे टीशर्ट घातलेली दोन-तीन माणसं. त्यातला एक जण गायकाचा आवाज जुळवत असतो. तो जे ऐकतो त्याप्रमाणं सगळं मैदान जुळतं, म्हणून त्याच्या पुढ्यात दोन पावलांवर उभं राहिलं की सगळ्यात स्वच्छ आवाज मिळतो.

स्टेजच्या अगदी पुढं बेसच्या पेट्या जमिनीवर असतात आणि टॉप, म्हणजे शब्द आणि वरचे सूर सोडणारे स्पीकर, वर टांगलेले असतात. टॉपचा आवाज तुमच्या डोक्यावरून मागं जातो. कानावर येतात ते ड्रम, बेस आणि गिटारवाल्याचा स्वतःचा अ‍ॅम्प, म्हणजे त्याच्या मागची स्पीकरची पेटी. गाणाऱ्याचा शब्द दबतो. पुढच्या पट्ट्यासाठी काही ठिकाणी छोटे स्पीकर लावतात, पण ते सगळीकडं नसतात. जास्त पैसे देऊन शब्दच ऐकू येणार नसेल तर काय उपयोग?

फार मागंही नको. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर पोचायला त्याला पाव सेकंदापेक्षा जास्त लागतो. पडद्यावर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. मागच्यांसाठी मैदानाच्या मध्यात वेगळे मनोरे उभे करतात आणि त्यांचा आवाज हिशोबानं उशिरा सोडतात. दोन मनोऱ्यांच्या मधोमध सापडलात तर प्रत्येक टाळी दोनदा ऐकू येते. तसं झालं तर दहा पावलं सरका, भांडण मिटतं.

ऐकायचं काय

आता मुद्द्याचं. मागं मुंबईत मी सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंना ऐकलं, गोऱ्या, ठेंगण्या, पायात सपाट बूट. माइकच्या स्टँडपाशी एक छोटं टेबल, त्यावर घडी घातलेला पंचा, झाकणाचा कप आणि खाली एक पंखा. दर दोन गाण्यांनंतर कपातला एक घोट. वाफ दिसत नव्हती, म्हणजे कोमट. गार पाणी त्यांनी दोन तासांत तोंडाला लावलं नाही, समोर सगळं मैदान गार बिअर पीत असताना.

त्यांचं सगळ्यात नावाजलेलं गाणं आलं. रेकॉर्डवर त्यात एक ओळ अशी चढत जाते की ऐकणाऱ्याच्याच गळ्याच्या शिरा ताणतात. मी मिक्सरपाशी होतो, पडद्यावर हात स्वच्छ दिसत होता. ओळ यायच्या आधी बाई अर्ध्या डावीकडं वळल्या, जिथं मागं गाणाऱ्या तिघी उभ्या होत्या. दोन बोटं वर केली. तिघींनी वरचा सूर उचलला, बाई स्वतः खालून आल्या, जवळजवळ बोलल्यासारख्या, आणि शेवटचा एकच शब्द त्यांनी ठेक्याच्या किंचित मागं ठेवला. माइक तोपर्यंत हनुवटीपासून छातीपर्यंत खाली गेला होता. वरचा सूर तिघींचा, पण मैदानातल्या प्रत्येकाला वाटलं की बाईंनीच मारला. शेजारचं पोरगं मला म्हणालं, "अंकल, अजूनही कसला आवाज आहे बघा!" मी मान डोलावली. त्याला कशाला सांगा.

तुम्ही मात्र बघा. मागं गाणारे कोण, किती, आणि गायक त्यांच्याकडं कधी वळतो. सवाल-जवाबाची ही रीत चर्चमधून आलेली आहे, बुवा ओळ टाकतात आणि टाळकरी उचलतात तशीच, त्यामुळं आपल्या कानाला ती परकी वाटत नाही. सप्ताहात बसलेल्या माणसाला सोल दोन गाण्यांत कळतं, हा माझा अनुभव आहे. इंग्रजी येत नसली तरी.

मग ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रोम्बोनवाल्यांकडं कान द्या. ते मधेच दोन ठोके मारून गप्प बसतात. ते ठोके नेमके ओळ संपते तिथं पडतात. तेवढ्यात गायक श्वास घेतो आणि ऐकणाऱ्याला पोकळी जाणवत नाही. जुन्या गायकाच्या बँडमध्ये या जागा जास्त असतात. गिटारचा लांबलचक सोलो अवघड गाण्याच्या आधी आहे की नंतर, तेही मोजा. बहुतेक वेळा नंतर असतो, विश्रांतीसाठी. कपडे बदलायला आत जाणं, बँडची ओळख करून देणं, जुना किस्सा सांगणं, लोकांकडं माइक धरणं, हे सगळं त्याच हिशोबातलं. किस्सा लांबला तर समजा, पुढचं गाणं दमाचं आहे.

पायाशी छोटे पडदे असतात, त्यावर शब्द सरकत असतात. हसू नका, पन्नास वर्षांची गाणी आहेत.

आणि हमखास विचारला जाणारा प्रश्न: आवाज खरा की मागून टेप? ओळखायची माझी खूण अशी. खरा गाणारा मोठ्या सुराला माइक तोंडापासून लांब नेतो आणि हळू शब्दाला ओठांशी आणतो. त्या हालचालीबरोबर आवाज बदलायला हवा. माइक खाली गेला तरी आवाज जागचा हलला नाही तर टेप आहे. दुसरी खूण श्वासाची. ओळीच्या आधी श्वास ऐकू येतो का बघा. तिसरी, चुकीची. एखादा शब्द चुकला, एखादा सूर फाटला तर मी खूश होतो, कारण टेप चुकत नाही.

कान

कानात फोमचे बोळे घाला. औषधाच्या दुकानात मिळतात, स्वस्त असतात. कापूस चालत नाही. बोळा चिमटीत पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरलं तर प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात, आणि मैफल दोन तासांची. माझ्या धंद्यातली निम्मी माणसं पन्नाशीत "काय म्हणला?" करायला लागतात. सकाळी उठल्यावरही कानात शिट्टी वाजत राहिली तर कानाच्या डॉक्टरला दाखवा, अंगावर काढू नका.

वन्स मोअर आणि परत

गायक हात हलवून आत गेला म्हणजे मैफल संपली असं नाही. मैदानातले दिवे लागलेत का ते बघा. अंधार असेल तर तो परत येणार, आणि सगळ्यात मोठं गाणं त्यानं राखलेलंच असणार. घड्याळात दहाला पाच मिनिटं असतील तर एकच गाणं. दिवे लागले आणि स्पीकरवर दुसऱ्याच कुणाचं रेकॉर्ड वाजायला लागलं की मिक्सरवाल्यानं दुकान बंद केलं, निघा.

स्टेडियम नेरूळचं असेल तर सायन-पनवेल रस्ता जवळच आहे, तिथून रात्री लातूर-नांदेडच्या ट्रॅव्हल्स जातात. सीट आधीच बुक करा आणि शेवटची गाडी किती वाजता, कुठल्या थांब्यावर, ते दुपारीच फोन करून विचारा. रिक्षा मैदानाच्या गेटवर शोधू नका, पंधरा मिनिटं चालत पुढं या, तिथं भाडं माणसात येतं. आणि सीट ड्रायव्हरच्या केबिनपासून लांबची मागा. झोप येऊ नये म्हणून तो रात्रभर गाणी लावतो, आणि ट्रेबल कायम चढवलेलं असतं.